घरच्या आर्केड कॅबिनेटसाठी स्क्रीन आणि ग्राफिक्स कार्ड: कोणती जोडी निवडाल?

नाणं टाकून खेळायचे जुने व्हिडिओ गेम घरी खेळता यावेत म्हणून पहिलं आर्केड कॅबिनेट बांधलं तेव्हा मी सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून केली. दोन पंख्यांचं दणकट कार्ड आणलं, मग प्लायवूड कापून खोकं उभं केलं आणि सगळ्यात शेवटी त्यात मावेल अशी स्क्रीन शोधायला निघालो. आधी कळस मग पाया! सगळं जोडून ‘पॅक-मॅन’ सुरू केला आणि कार्डावर किती ताण येतोय ते पाहिलं, तर ते जवळपास झोपलेलं. चित्र मात्र रुंद स्क्रीनच्या मधोमध एक उभी पट्टी, दोन्ही बाजूंना नुसता काळोख.

कार्ड झोपलेलं असायचं कारण साधं आहे. मेमसारखा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, जुन्या मशीनमधल्या चिपांचं काम प्रोसेसरकडून करून घेतो. कार्डाच्या वाट्याला तयार झालेलं इवलंसं चित्र पडद्यावर टाकण्याएवढंच काम येतं. म्हणून मी आता उलट क्रमाने जातो. कोणते गेम खेळायचे ते आधी, त्यावरून स्क्रीन आणि स्क्रीनवरून कार्ड. पैसे कमी पडत असतील तर ते कार्डातून कापायचे, स्क्रीनमधून नाही.

गेमचे तीन आकडे

पहिला आकडा रेषांचा. ऐंशी-नव्वदच्या दशकांतले बहुतेक आर्केड गेम २२४ ते २४० आडव्या रेषांचे. ‘स्ट्रीट फायटर २’ ३८४ गुणिले २२४ आहे, निओ-जिओ या मशीनचे गेम ३२० गुणिले २२४. यात एक गंमत आहे. ३८४ गुणिले २२४ हे चित्र जसंच्या तसं चौकोनी पिक्सेलांत दाखवलं तर ते बरंच रुंद होतं आणि दोन्ही लढवय्ये गुबगुबीत दिसतात. मूळ मशीनवर ते ४:३ च्या पडद्यात आवळून बसवलेलं असायचं. म्हणजे सपाट स्क्रीनवर उभ्या मापात रेषांची पूर्ण पट (चौपट, पाचपट अशी) साधायची, आडव्या मापात मात्र ४:३ सांभाळायचं.

दुसरा आकडा दिशेचा. ‘पॅक-मॅन’, ‘गॅलागा’, ‘डाँकी काँग’ आणि विमानांचे बरेचसे गेम उभे असतात. मूळ कॅबिनेटमध्ये त्यांच्यासाठी पिक्चर ट्यूबच कुशीवर वळवून उभी बसवलेली असायची.

तिसरा आकडा वेगाचा, आणि तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. सगळे गेम ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर, चालत नाहीत. ‘पॅक-मॅन’ ६०.६, ‘आर-टाइप’ ५५, ‘मॉर्टल कॉम्बॅट’ ५४.७. स्क्रीन ६० वर अडकलेली असेल तर दोनच वाटा उरतात. एक तर गेम ६० ला बांधायचा. मग ‘मॉर्टल कॉम्बॅट’ जवळजवळ दहा टक्के जोरात पळतो आणि हातात मुरलेलं टायमिंग चुकायला लागतं. नाहीतर वेग खरा ठेवायचा आणि सरकत्या पार्श्वभूमीचे बारीक धक्के सोसायचे.

पिक्चर ट्यूब की सपाट स्क्रीन?

ट्यूबची बाजू आधी सांगतो, कारण मन तिकडेच ओढतं. या गेमचं चित्र काढणाऱ्यांनी ते ट्यूबवर पाहूनच काढलं. इलेक्ट्रॉनचा किरण रेष ओढतो, ती क्षणभर उजळते आणि लगेच विझते. म्हणून पळणारी वस्तू धारदार दिसते. एलसीडीवर तीच वस्तू पुढची फ्रेम येईपर्यंत जागच्या जागी पेटून राहते आणि डोळ्याला पुसट वाटते. बटण दाबल्यावर लागणारा उशीरही ट्यूबमध्ये नसल्यातच जमा. शिवाय जुन्या पद्धतीची लाइट गन फक्त ट्यूबवर चालते, कारण तिला तो फिरता किरणच पकडायचा असतो. सपाट स्क्रीनसाठी सिंडेनसारख्या कॅमेऱ्याच्या किंवा इन्फ्रारेड दिव्यांच्या बंदुका घ्याव्या लागतात.

आता दुसरी बाजू. एकोणतीस इंची ट्यूबचं वजन चाळीस किलोच्या घरात जातं, एकट्याने उचलायची सोय नाही. आत वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि मशीन बंद केल्यावरही तो ट्यूबमध्ये टिकून राहू शकतो. आर्केडच्या बऱ्याच मॉनिटरांची चेसिस (ट्यूब चालवणारा बोर्ड) थेट विजेच्या लाइनशी जोडलेली असते, त्यामुळे तिला लाइनपासून वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये हवाच. ट्यूब डिस्चार्ज कशी करायची हे जाणकाराकडून प्रत्यक्ष शिकला नसाल तर मागचं झाकण उघडूच नका. कपॅसिटर सुकतात, रंग सरकतात, फ्लायबॅक (तो प्रचंड दाब तयार करणारा ट्रान्सफॉर्मर) जातो. ट्यूब घेणं म्हणजे दुरुस्तीचा छंद घेणं. तो ज्याला आवडतो त्याने खुशाल घ्यावी. ‘एकदा बसवलं की पुन्हा बघायला नको’ असं ज्याला वाटतं त्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

शिवाय सगळ्या ट्यूब सारख्या नसतात. आर्केडचा साधा मॉनिटर आणि जुना टीव्ही सेकंदाला सुमारे १५,७०० रेषा ओढतात, म्हणूनच त्यांना १५ किलोहर्ट्झचे म्हणतात. (ती बारीक शिटी घरातल्या मुलांना ऐकू येते, मला आता येत नाही.) संगणकाचा ट्यूब मॉनिटर सहसा ३१ किलोहर्ट्झच्या खाली उतरत नाही. त्यावर २४० रेषा १२० हर्ट्झने दाखवायची युक्ती आहे, पण मग प्रत्येक फ्रेम दोनदा दिसते आणि मध्ये एक काळी फ्रेम घातल्याशिवाय पळणारं चित्र जोडीने पळतं. ‘डेटोना यूएसए’सारखे सेगाच्या मॉडेल २ बोर्डावरचे गेम २४ किलोहर्ट्झचे, सेगाच्याच नाओमी बोर्डावरचे ३१ चे. साध्या १५ च्या ट्यूबवर ते जसेच्या तसे येत नाहीत, त्यासाठी तिन्ही पट्टे झेपणारा ट्रायसिंक मॉनिटर लागतो. घरी पडून असलेला टीव्ही वापरायचा असेल तर त्याच्या मागे स्कार्ट किंवा कंपोनंटच्या खाचा (रंगांचा सिग्नल वेगवेगळ्या तारांनी घेणाऱ्या) आहेत का ते पाहा. नुसती पिवळी पिन असेल तर एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

सपाट स्क्रीनमध्ये डावं-उजवं

इथे २४० चा पाढा म्हणायचा. १०८० ला २४० ने भागलं तर साडेचार. म्हणजे काही रेषा चार पिक्सेल जाड, काही पाच, आणि त्यावर स्कॅनलाइनचा (ट्यूबसारख्या काळ्या रेघांचा) इफेक्ट चढवला की पडद्यावर पट्टे उमटतात. ते टाळायला चार पटीवर थांबलात तर वर-खाली जागा वाया जाते. म्हणजे सगळ्यात सहज मिळणारी फुल एचडी स्क्रीनच या कामाला सगळ्यात अडनिडी!

आता बाकीच्या बघा. १६०० गुणिले १२०० ची जुनी वीस-एकवीस इंची ऑफिस स्क्रीन: १२०० म्हणजे बरोब्बर २४० पंचे. आकार मुळातच ४:३, त्यामुळे कडेला काळ्या पट्ट्या नाहीत. १२८० गुणिले १०२४ ची एकोणीस इंची: ती ५:४ असते, पण वर-खाली मिळून ६४ पिक्सेल सोडले की ९६० उरतात, म्हणजे २४० चोक. १४४० ची रुंद स्क्रीन: २४० सक. आणि याच १४४० मध्ये ‘पॅक-मॅन’च्या उभ्या २८८ ओळी बरोब्बर पाच पटीने बसतात. ४के मध्ये २४० नवे २१६०, हेही चोख.

रुंद स्क्रीन घेताना डब्यावरच्या इंचांना भुलू नका. ४:३ चं चित्र २४ इंची रुंद स्क्रीनवर जेमतेम साडेएकोणीस इंचांचं होतं, २७ इंचीवर २२ आणि ३२ इंचीवर २६ इंचांचं. उभा गेम आडव्या स्क्रीनवर लावला की आणखी आक्रसतो: २४ इंचीवर पंधरा इंचही भरत नाही, २७ इंचीवर साडेसोळा. माझी काळोखातली पट्टी ती हीच. उभे गेमच मुख्य असतील तर स्क्रीन सरळ उभी बसवा किंवा फिरणारा स्टँड करा. गेमची यादी निम्मी-निम्मी असेल तर निदान २७ इंच घ्या.

पॅनेलच्या बाबतीत मला तडजोड मान्य नाही. टीएन, आयपीएस आणि व्हीए हे एलसीडी पॅनेलचे प्रकार. त्यांतलं टीएन नको. ते समोरून ठीक दिसतं, पण खालून पाहिलं की काळवंडतं. तीच स्क्रीन उभी बसवली की हा दोष आडवा होतो आणि डाव्या खेळाडूला एक रंग, उजव्याला दुसरा. टेबलासारख्या कॅबिनेटमध्ये तर समोरासमोर बसलेल्यांत भांडणंच लागतील. आयपीएस घ्या. काळा रंग गडद हवा असेल तर व्हीए चालेल, फक्त अंधाऱ्या दृश्यांत मागे थोडी सावली ओढते. ओलेड दिसायला सगळ्यांत देखणी, पण ज्या मशीनवर ‘इन्सर्ट कॉइन’ तासन्‌तास एकाच जागी लुकलुकतं तिथे डाग पडायची भीती खरी आहे.

राहिला वेगाचा प्रश्न. फ्रीसिंक किंवा जी-सिंक असलेली स्क्रीन गेमच्या तालावर चालते. तिचा पट्टा ४८ हर्ट्झपासून सुरू होत असेल तरी ५४.७ आणि ५५ आरामात बसतात. वरची मर्यादा मात्र ७५ किंवा जास्त हवी, नाहीतर ६०.६ वाला ‘पॅक-मॅन’ हुकतो. जुन्या १६००-१२०० स्क्रीनची उणीव नेमकी हीच: चित्र चोख, पण ताल ठाम ६० चा.

कार्ड

ट्यूब ठरली असेल तर नवं कार्ड उपयोगाचं नाही, जुनंच लागतं. ट्यूबला अॅनालॉग सिग्नल हवा आणि तो नव्या कार्डांतून गेला: एएमडीने २०१३ च्या आर९ २९० पासून काढायला सुरुवात केली, एनव्हिडियाने २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेपासून. जुनं कार्ड हातात घेतलं की स्क्रीनची केबल लावायची डीव्हीआयची खाच निरखून पाहा. एका टोकाला जी आडवी चपटी फट असते, तिच्या वर-खाली चार भोकं असतील तर अॅनालॉग आहे. नुसती फट असेल तर ठेवून द्या.

विंडोजवर या कामाला एएमडीचं रेडिऑनच सोयीचं. एचडी ४३५० किंवा ५४५० सारखी जुनी, बऱ्याचदा बिनपंख्याची कार्डंही पुरतात. त्यांवर सीआरटी इम्यूड्रायव्हर हा सुधारलेला ड्रायव्हर आणि ग्रूव्हीमेम ही मेमची ट्यूबसाठीची आवृत्ती बसवली की प्रत्येक गेमला त्याच्या मूळ रेषा आणि मूळ वेग मिळतो. ५४.७ म्हणजे ५४.७. एचडीएमआयला साधं कन्व्हर्टर लावून हेच होईल असं समजू नका. एचडीएमआयचा पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवायचा वेग) २५ मेगाहर्ट्झच्या खाली जात नाही आणि ३२० गुणिले २४० ला त्याहून कितीतरी कमी लागतो. चित्राची रुंदी २५६० वगैरे ठेवून ही अट चकवता येते, पण मग कन्व्हर्टर कसा निघतो त्यावर सगळं अवलंबून.

आर्केड मॉनिटर असेल तर आणखी एक पायरी. संगणकाचा रंगाचा सिग्नल ०.७ व्होल्टचा आणि आर्केड चेसिसला त्याच्या कित्येक पट हवा, नाहीतर चित्र संध्याकाळ झाल्यासारखं दिसतं. अल्टिमार्कचा जे-पॅक हा छोटा बोर्ड तो सिग्नल वाढवतो. संगणक सुरू होताना येणारा ३१ किलोहर्ट्झचा सिग्नलही तो अडवतो, आणि जुन्या चेसिसच्या दृष्टीने मला हे जास्त मोलाचं वाटतं.

सपाट स्क्रीनवाल्याचं काम याहून कितीतरी सोपं. नुसतं मेम आणि हलका सीआरटी-जिओमसारखा शेडर (चित्राला ट्यूबचं रूप देणारा प्रोग्रॅम) चालवायचा असेल तर प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स पुरेसं आहे, आणि एएमडीच्या रायझेन प्रोसेसरचं असेल तर फ्रीसिंकही मिळतं. स्वतंत्र कार्ड तीन बाबतींत घ्या. ४के स्क्रीनवर सीआरटी-रॉयलसारखा जड शेडर हवा असेल, कारण तिथे फुल एचडीच्या चौपट पिक्सेल रंगवायचे असतात. सुपरमॉडेल या एम्युलेटरमध्ये सेगाच्या मॉडेल ३ चे त्रिमितीय गेम मोठ्या रिझोल्यूशनवर चालवायचे असतील तर. किंवा अलीकडचे, मुळातच संगणकावर चालणारे आर्केड गेम हवे असतील तर. तिन्ही बाबतींत मध्यम कार्ड भागवतं. मोठं कार्ड बंद खोक्यात भट्टी होतं, हे मी मागच्या फळीला पंख्यासाठी भोक पाडताना शिकलो.

मग घ्यायचं काय?

पहिलंच कॅबिनेट असेल, उभे-आडवे दोन्ही गेम असतील आणि सगळं नवं घ्यायचं असेल तर मी २७ इंची, १४४० ची, फ्रीसिंकची आयपीएस स्क्रीन आणि अंगच्या ग्राफिक्सचा रायझेन यावर बोट ठेवेन. कार्डाची जागा रिकामी ठेवा, पुढे वाटलं तर भरा. हात आखडता असेल आणि वापरलेली १६००-१२०० ची आयपीएस चांगल्या अवस्थेत मिळाली तर ती मला याहूनही आवडते, फक्त ‘मॉर्टल कॉम्बॅट’वाल्यांनी तिच्याकडे पाहू नये. रिफ्लेक्सवर जगणारे, लाइट गनवाले आणि सोल्डरिंगची आवड असलेले ट्यूबकडे जाणारच; त्यांनी जुनं रेडिऑन आत्ताच शोधून ठेवावं. ट्यूब हवी पण संगणक नको, असं असेल तर डीई१०-नॅनो बोर्डावरचं मिस्टर पाहा, ते जुन्या मशीनच्या चिपा हार्डवेअरमध्येच उभ्या करतं. अॅनालॉग बोर्ड जोडला की ते थेट १५ किलोहर्ट्झ देतं आणि कार्डाचा प्रश्नच मिटतो.

कोणतीही सपाट स्क्रीन घ्या, पैसे मोजायच्या आधी एक करून पाहा. ती चालू असताना भिंतीतली पिन काढा, दहा आकडे मोजा, परत लावा. आपोआप पेटली तर घ्या. लाल दिवा लावून बटणाची वाट बघत बसली तर सोडा, कारण कॅबिनेटमध्ये ते बटण काचेच्या मागे, आठ स्क्रूंच्या आत असणार आहे.