भिंतीतलं यलोजॅकेटचं (पिवळ्या-काळ्या गांधीलमाश्यांचं) पोळं: पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं त्याला दहा महिने झाले

आधी पैसे सांगते, कारण असे रिव्ह्यू वाचताना मी स्वतः तेच शोधते. पहिल्या कामाचे २९५ डॉलर आणि नंतर घेतलेल्या वर्षाच्या प्लॅनचे ५४०. पहिले वसूल झाले, दुसरे जवळजवळ पाण्यात गेले. कंपनीचं नाव देत नाही. मला जे सांगायचंय ते त्या एका कंपनीपुरतं नाही.

आमचं घर न्यू जर्सीत, एडिसनला. मागे लाकडी डेक आणि डेकवर तुळस. उन्हाळाभर तुळस बाहेर, थंडी पडली की आत, हे इथल्या बऱ्याच मराठी घरांचं वेळापत्रक. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. एका सकाळी डेकवर तांब्या आपटल्याचा आवाज आला. बाहेर जाऊन बघते तर त्या मनगट धरून उभ्या. "अगं, गांधीलमाशी चावली. एकच होती, पण दोनदा चावली मेली."

त्यांचं बरोबर होतं. मधमाशीची नांगी कातडीत अडकते आणि डंख मारून ती मरते. यलोजॅकेटची अडकत नाही, त्यामुळे एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. सासूबाईंनी घराची किल्ली घासून बघितली, मी बर्फ लावला. (किल्लीने काही झालं नाही. त्यांना सांगू नका.) दुपारपर्यंत कोपरापर्यंत हात सुजला म्हणून अर्जंट केअरला, म्हणजे तातडीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी विचारलं ते सुजेबद्दल नव्हतंच. अंगभर गांधी उठल्या का, ओठ-जीभ सुजली का, श्वास लागतोय का, चक्कर येतेय का? यातलं काहीही असेल तर थेट ९११ ला (इथला आणीबाणीचा नंबर) फोन, गाडी काढून इकडे यायचं नाही, असं त्यांनी बजावलं. आमचं निभावलं.

मग पोळं शोधायला लागलो. झाडं बघितली, डेकखाली बघितलं, काही दिसेना. शेवटी मुलालाच दिसलं: एसीचे पाइप बाहेरच्या युनिटमधून भिंतीत शिरतात तिथे सायडिंगला (भिंतीच्या बाहेरच्या आवरणाला) बोटभर फट होती आणि तिथे विमानतळासारखी वर्दळ. एक आत, दोन बाहेर, सतत. त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला आमची पॅन्ट्री. रात्री घर शांत झाल्यावर डाळीच्या डब्यांमागून करकर ऐकू यायची, कुणीतरी जुनं वर्तमानपत्र हळूहळू फाडत असल्यासारखी. मला उंदीर वाटला होता.

यापुढची चूक आमची. नवऱ्याने हार्डवेअरच्या दुकानातून फवारा आणला, रात्री त्या फटीत अख्खा डबा रिकामा केला आणि वरून फुगणारा फोम मारून भोक बुजवून टाकलं. काम फत्ते म्हणून झोपलो. सकाळी पॅन्ट्रीचा दिवा लावला तर दिव्याच्या कडेने एकेक बाहेर येत होत्या. वीस-पंचवीस तरी असतील. पोहे, रवा, लाडवांचा डबा, सगळ्यांवर बसलेल्या. बाहेरची वाट बंद झाली की त्या आतली शोधतात, आणि ड्रायवॉल (आतल्या भिंतीचा जिप्समचा पत्रा) कुरतडणं त्यांना जड नाही. भोक आधी बुजवू नका, हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी त्याला जेवायला घातलं असतं.

दाराखाली टॉवेल कोंबून मी फोन करायला बसले. पहिल्या ठिकाणी वर्षाचा प्लॅन घेतल्याशिवाय माणूस पाठवणार नाहीत. दुसऱ्या ठिकाणी लेबर डेनंतरची (२ सप्टेंबरच्या सुट्टीनंतरची) तारीख. तिसऱ्यांनी मंगळवारी, २७ तारखेला संध्याकाळी येतो म्हणून सांगितलं. गणपती ७ सप्टेंबरला, घरी चाळीस माणसं येणार. मी हो म्हणून टाकलं.

तो माणूस सातच्या सुमाराला आला. राज्याच्या पर्यावरण खात्याचं लायसन्स त्याने न मागता दाखवलं. न्यू जर्सीत पैसे घेऊन कीटकनाशक मारायचं तर ते लागतं. तुम्ही बोलावलंत तर मागून बघा. आणि मग तो काहीच करेना. खिशात हात घालून दहा-बारा मिनिटं नुसता भिंतीकडे बघत उभा. मला वाटलं, तासाचे पैसे लावतोय की काय. तो मोजत होता. आधी त्याने खात्री केली की या मधमाश्या नाहीत. मधमाशी केसाळ, मातकट तपकिरी. यलोजॅकेट गुळगुळीत, रंगवून वार्निश मारल्यासारखी पिवळी-काळी. मधमाश्या असत्या तर मधमाश्या पाळणाऱ्या कुणाचा तरी नंबर देऊन परत गेलो असतो, म्हणाला. मधमाशी हा न्यू जर्सीचा राज्यकीटक आहे, हे मला इतकी वर्षं इथे राहून त्या दिवशी कळलं.

उभं राहून बघण्याचा दुसरा फायदा म्हणजे त्याला आणखी एक वाट सापडली. आम्ही फोम मारल्यावर त्यांनी बाहेरच्या नळाशेजारून नवीन दार काढलं होतं. आत येऊन त्याने पॅन्ट्रीच्या भिंतीवर हात अलगद फिरवला आणि एका जागी थांबला. तिथे बशीएवढा पिवळसर डाग होता, मला तो ओलीचा वाटला होता. "इथे बोट लावू नका. मागे ड्रायवॉल उरलेला नाही, फक्त रंगाचा पापुद्रा आहे." त्या डागाशेजारी मी दोन महिने तांदळाचा डबा ठेवत होते.

अंधार पडायला लागल्यावर त्याने जाळीची टोपी आणि पांढरा सूट चढवला. संध्याकाळची वेळ अशासाठी की बाहेर गेलेल्या बहुतेक माश्या तोवर परतलेल्या असतात. डोक्यावरचा दिवा लाल, कारण त्यांना लाल उजेड दिसत नाही. त्याने आमचा फोम कापून काढला आणि लांब नळीच्या हातपंपाने दोन्ही भोकांत पांढरी भुकटी मारली. बिलावर नाव होतं: डेल्टामेथ्रिन, ०.०५ टक्के. ओला फवारा तोंडाशीच राहतो आणि पोळं असतं चार फूट आत. भुकटी ये-जा करणाऱ्यांच्या पायांना, अंगाला लागते आणि त्या स्वतःच ती आत नेतात. म्हणून भोकं उघडी ठेवायची. हे औषध मधमाश्यांनाही मारतं, त्यामुळे मंजिऱ्या आलेली तुळस आधी पुढच्या अंगणात नेऊन ठेवायला लावली. प्रत्यक्ष काम वीस मिनिटांचं. सासूबाई खिडकीतून म्हणत होत्या, "त्याला चहा विचार गं." तो जाळीच्या टोपीत.

जाहिरातीत 'पोळं काढून देतो' असं असतं, त्यावरून माझा गैरसमज झाला होता. भिंतीतलं पोळं काढत नाहीत. आतल्या माश्या मरतात आणि पोळं जागीच वाळतं. मी यावर वाद घातला, पण त्याचं म्हणणं पटलं. मधमाश्यांचं पोळं भिंतीत सोडलं तर मध पाझरतो, मुंग्या लागतात. यलोजॅकेट मध साठवत नाहीत, मागे उरतो तो कागद. फोनवर बोलतानाच 'काढणार म्हणजे नेमकं काय करणार' हे विचारून घ्या.

तीन दिवसांत एसीच्या पाइपाकडची वर्दळ थांबली, नळाकडची मात्र चालूच. तीस दिवसांची गॅरंटी होती, पण ती मिळवायला मला तीनदा फोन करावे लागले. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पत्ता पहिल्यापासून. लेबर डेच्या दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा आला, नळाकडे आणखी भुकटी मारली, पैसे घेतले नाहीत. ५ तारखेला शेवटची माशी दिसली. ७ तारखेला मोदक डेकवरच वाढले.

आता प्लॅनची गोष्ट. चतुर्थी आटोपल्यावर चार दिवसांनी गोड आवाजात फोन आला: वर्षातून चार भेटी, त्याच भिंतीत पुन्हा पोळं झालं तर फुकट. सासूबाईंचा सुजलेला हात डोळ्यांसमोर होता, घेतला. नंतर शांतपणे वाचलं तेव्हा कळलं की यलोजॅकेटचं पोळं एका हंगामाचं असतं. वसंतात एकटी राणी सुरुवात करते, ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत हजारोंचा संसार होतो आणि कडक थंडी पडली की सगळा खलास. नव्या राण्या तेवढ्या कुठेतरी सालीखाली, फटीत हिवाळा काढतात. जुनं पोळं पुन्हा वापरत नाहीत. म्हणजे मला हवी होती ती एकच गोष्ट, थंडीत ती फट नीट बुजवणं, आणि नेमकी तीच प्लॅनमध्ये नाही. 'बांधकामाची दुरुस्ती समाविष्ट नाही.' नोव्हेंबरच्या भेटीत पायाभोवती फवारणी झाली, घड्याळ लावून बारा मिनिटं. फेब्रुवारीत दाराला चिठ्ठी लटकावलेली मिळाली. मे महिन्यात डेकच्या कठड्याखाली एक लहानसं छत्रीसारखं पोळं सापडलं, ते त्याने काठीने पाडलं. ती यलोजॅकेट नव्हतीच, लांब पाय लोंबकळत उडणारी दुसरी जात. माझ्याकडे झाडू आहे.

फट आम्हीच बुजवली, तांब्याची जाळी कोंबून वर सीलंट. जानेवारीत पॅन्ट्रीची भिंत कापली तेव्हा पोळं पहिल्यांदा दिसलं. दोन खांबांमधल्या जागेत दाबून बसवलेलं, भिंतीएवढंच चपटं, वरपासून खाली सात मजले. कागद राखाडी, मध्ये मध्ये तपकिरी रेघा. सगळा लाकूड चावून केलेला, आणि त्यात आमच्या डेकचाही वाटा असणार. दोन्ही हातांत मावत नव्हतं, पण वजन रिकाम्या खोक्याएवढंही नाही. तळाशी ओंजळभर मेलेल्या माश्या. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काय सुबक बांधलंय गं."

पुन्हा वेळ आली तर? भिंतीत किंवा दाराजवळ असेल तर बोलावीन, पण एकाच कामासाठी, आणि पहिल्या दिवशीच, फवाऱ्याचा डबा न आणता. लॉनच्या पार टोकाला जमिनीत असेल, तिकडे कुणी फिरकत नसेल आणि सप्टेंबर संपत आला असेल, तर खुणेची काठी रोवून थंडीची वाट बघीन. भोकात पेट्रोल ओतायचा सल्ला मला दोघांनी दिला. तो ऐकू नका, आगीचा धोका आहे आणि जमीन नासते ती वेगळीच.

प्लॅन सप्टेंबरमध्ये संपतोय, रिन्यूअलचे दोन ईमेल येऊन पडलेत. सासूबाई जुलैत येतायत. या वर्षी (२०२५) चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे यलोजॅकेटच्या ऐन हंगामात, तेव्हा पंगत आत बसवायची आणि सोडा कॅनमधून कुणाला द्यायचा नाही (माश्या आत शिरतात), एवढं ठरलंय. मुलगा रोज संध्याकाळी पाइपाजवळ पाच मिनिटं खिशात हात घालून उभा राहतो.