हयातीच्या दाखल्याच्या नावाखाली ३,४४,९९८ रुपये लुबाडले

पणजीत फ्लॅटमध्ये एकट्याने राहणाऱ्या आणि निवृत्तिवेतनावर संसार चालवणाऱ्या ज्येष्ठांनी हे जरूर वाचावे, कारण मला फसवणाऱ्याकडे इतरांचीही माहिती असणार. फेब्रुवारीत निवृत्तिवेतन विभागाचे नाव सांगून एकाने फोन केला. माझ्या दिवंगत यजमानांचे नाव, त्यांच्या निवृत्तीची तारीख आणि पीपीओ क्रमांक (निवृत्तिवेतन आदेशाचा क्रमांक) त्याने घडाघड वाचून दाखवला. "काकी, नोव्हेंबरमधला तुमचा हयातीचा दाखला नाकारला गेलाय, आज भरला नाही तर पेन्शन थांबेल," असे तो अदबीने म्हणाला. याआधी एकदा दाखल्याची नोंद न झाल्याने माझे पैसे खरोखरच अडकले होते आणि बँकेचे उंबरठे झिजवावे लागले होते. त्यामुळे मी घाबरले, यात नवल ते काय?

त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे मोबाइलवर थेट अ‍ॅप बसवणारी फाइल, पाठवली. ती उघडताना मोबाइलने धोक्याची सूचना दिली, तेव्हा "सरकारी अ‍ॅपला असेच दिसते, परवानगी द्या," असे तो म्हणाला. खात्याचा तपशील भरून घेतल्यावर पडद्यावर एक चक्र फिरत राहिले आणि पडताळणी संपेपर्यंत मोबाइलला हात लावू नका, असे त्याने बजावले. तेवढ्यात माझी मुदत ठेव मोडली गेली आणि ९९,९९९, पुन्हा ९९,९९९ आणि १,४५,००० रुपये निघून गेले. बँकेचे संदेश त्या अ‍ॅपने परस्पर वळवले होते. खात्यात १,२१४ रुपये उरले.

एक गोष्ट अजून जाळते. नोव्हेंबरचा दाखला नाकारला असता, तर जानेवारीचे निवृत्तिवेतन आलेच नसते, आणि त्याची नोंद मी पासबुकात स्वतः पाहिली होती! पण समोरचा माणूस क्षणाचीही उसंत देत नाही, हे घरबसल्या शहाणपण शिकवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. असा फोन आला तर आधी तो बंद करा.

बँकेने "ओटीपी तुम्हीच दिला असणार" म्हणून हात झटकले. मी कोणालाही ओटीपी सांगितला नव्हता. पोलिसांनी बँकेचे पत्र मागितले, बँकेने पोलिसांचे. आणि तक्रार लिहून घेण्याऐवजी मुलगा कुठे असतो, याचीच चौकशी अधिक झाली. सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच बँकसेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये सांगितले आहे. मी ती मागितली तेव्हा माणसे नाहीत, मोबाइल वापरा, असे उत्तर मिळाले होते. मोबाइल वापरायला लावायचा आणि लुटले गेल्यावर निष्काळजी ठरवायचे, हा कुठला न्याय?

पैसे गेल्याचे कळताच मोबाइलचे इंटरनेट तोडा आणि दुसऱ्या फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावा. शाखा उघडण्याची वाट पाहू नका. मुदत ठेव ऑनलाइन मोडण्याची सोय बंद करता येते का, हे शाखेत लेखी विचारा. हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमन घरी येऊ शकतो. हयातीचा दाखला ऑनलाइन देण्याची २०१४ पासूनची सरकारी जीवन प्रमाण सेवाही चांगली आहे, पण तिचे अ‍ॅप कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले तर ते उघडू नका. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येते. मी तो अर्ज केला आहे. यजमानांचा पीपीओ क्रमांक बाहेर कसा गेला, हेही लेखी विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.