डबा खरा, प्लग खोटे : ४,४३० रुपयांना फसलो, तुम्ही सावध राहा

घरच्या घरी बोनेट उघडून स्वतः प्लग बदलणाऱ्यांनी हे वाचाच. संभाजीनगरातल्या एका पार्टच्या दुकानात मला कंपनीच्या डब्यात घालून डुप्लिकेट स्पार्क प्लग विकले. प्लगच्या वायरीही तसल्याच. चार इरिडियम प्लग ६२० प्रमाणे २,४८० आणि वायरींचा सेट १,९५०. एकूण ४,४३० रुपये. पुढचा खर्च वेगळाच, तोही सांगतो.

मी नवखा नाही. माझी जुनी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे, कॉइलपासून प्रत्येक प्लगला वेगळी वायर जाते तसली. इंजिन गार झाल्यावरच हात घालायचा. एका वेळी एकच वायर काढायची, म्हणजे अदलाबदल होत नाही. प्लग आधी नुसत्या हातानं आट्यात बसवायचा, पाना नंतर. हे सगळं मला पाठ आहे. त्यामुळं "घरी करायला गेलात म्हणून बिघडलं" हे मला कुणी ऐकवू नये. खोट मालात होती, कामात नाही.

दुकानही टपरी नव्हतं. मोठी पाटी, काउंटरवर मेकॅनिक लोकांची झुंबड. डब्यावरचा कोड मी तिथंच मोबाइलवर स्कॅन केला, तो बरोबर निघाला. माणसानं अजून काय करायचं?

आता ज्या गोष्टीनं आजही रात्री झोप उडते, ती. मी पक्कं बिल मागितलं. तो म्हणाला, "देतो की दादा, पण टॅक्स वरून लागंल. कशाला पैसे घालता? काय झालं तर वापस आणा, दुकान काय पळून चाललंय का?" आणि वहीचा कागद फाडून त्यावर आकडे लिहून दिले. दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही, तारीखसुद्धा नाही. अहो, डब्यावर छापलेली एमआरपी सगळ्या करांसहितच असते! मग वरून कसला टॅक्स? डबा माझ्या हातात होता, छापील अक्षरं डोळ्यांसमोर होती. त्यात पैसे टाकायला स्कॅनर दिला, तर पाटीवरचं नाव यायचं सोडून भलत्याच माणसाचं नाव आलं. मी विचारलं नाही असं नाही, विचारलं. "भाच्याचं खातं हाय, एकच हाय," म्हणाला आणि मागच्या गिऱ्हाइकाकडं वळला. मागं लोक खोळंबलेले, बीडची गाडी गाठायची, अशा वेळी कोण हुज्जत घालत बसतं? तो कागद बघितला की अंगाची आग होते. पण जपून ठेवलाय. तुम्हीही असला चिटोरा फेकू नका.

घरी प्लग बसवताना एकाची बुडाची वॉशर आट्यांवरून घसरून सरळ माझ्या तळहातावर पडली. चांगल्या प्लगची वॉशर आट्यांत अडकवलेली असते. फिरते, पण अशी गळून पडत नाही. इरिडियमचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं, यातल्या दोघांचं साध्या प्लगसारखं जाड होतं. पण दुसऱ्या दिवशी आईला संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात दाखवायचं होतं, जुने प्लग काळेठिक्कर पडलेले, आणि संभाजीनगरला परत जायला वेळ कुठला? बसवले.

गेवराईच्या अलीकडं गाडी मिसिंग मारायला लागली. पिकअप गेला, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा लुकलुकत असेल तर गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडं जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, जाळतं, आणि त्याच्यापुढं प्लगची किंमत काहीच नाही. मे महिन्याची दुपार, आई लिंबाच्या झाडाखाली पदरानं वारा घेत बसलेली, आणि मी क्रेनवाल्याशी भाव करतोय. क्रेन १,८००. आईला पुढं न्यायला दुसरी गाडी, २,५००. एका प्लगची चिनीमाती तडकली होती, तो काढताना इंजिनच्या हेडमध्येच मोडला. ते काढायची मजुरी २,२००. सगळं मिळून १०,९३० रुपये, आणि चांगले प्लग-वायरी घेतले तो खर्च यात धरलेला नाही.

गेवराईच्या मेकॅनिकनं मीटर लावून दाखवलं. ज्या प्लगच्या नंबरात आर हे अक्षर असतं त्याच्या आत रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा तुकडा, असतो, साधारण पाच हजार ओहमचा. माझ्या तीन प्लगांत तो नव्हताच. वायरींपैकी एक आतून तुटलेली. संध्याकाळी अंधारात इंजिन चालू केलं तर दुसरीवरून निळ्या ठिणग्या बाहेर उडत होत्या. त्यानंच सांगितलं, रिकामे डबे गॅरेजमधून विकत घेतात आणि त्यात हलका माल भरतात. म्हणून कोड बरोबर निघाला! जुने प्लग भंगारात देताना टोक ठेचून द्या. डबे फाडून टाका.

आणि दाद मागायला गेलो तर काय? दुकानदार म्हणाला, "हा माल आमचा नाही, बिल दाखवा." बीडच्या पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "चार हजारासाठी गुन्हा? दुकान आमच्या हद्दीत नाही." संभाजीनगरच्या ठाण्यात गेलो तर म्हणे, तुम्ही बीडचे, तिकडं द्या. मग म्हणे ही दिवाणी बाब आहे, मग म्हणे कंपनीला तक्रार करायला लावा. कंपनीच्या कस्टमर केअरनं बिल मागितलं. म्हणजे बिल न देणारा मोकळा आणि बिल न मिळालेला गुन्हेगार! १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय करू शकतात त्याची) खबर हद्द न बघता घ्यावी लागते, आणि फसवणूक, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), दखलपात्र आहे. मी हे वाचून दाखवलं. "आम्हाला कायदा शिकवता का?" असं ऐकून घेतलं. शेवटी अर्जावर पोच द्यायलासुद्धा टाळाटाळ. आम्ही कर भरतो तो कशासाठी?

ठाण्यात घेत नसतील तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, स्पीड पोस्टानं. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. मी बीडमध्ये तक्रार दाखल केली आहे. यूपीआयची नोंद, तो चिटोरा, मेकॅनिकची लेखी चिठ्ठी आणि मोडका प्लग डब्यासकट जोडलाय. १०,९३० रुपये आणि आईला झालेल्या त्रासाची भरपाई मागितली आहे. त्याच दुकानातून कुणी असेच प्लग घेतले असतील तर डबा आणि पैसे दिल्याची नोंद सांभाळा आणि मला कळवा, आपण मिळून अर्ज करू.