शाळेतल्या कार्यशाळेला कोण: बी.एड.चे प्राध्यापक की साधनव्यक्ती?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास सांगितले. त्यातले बरेचसे दीक्षा या सरकारी प्रशिक्षण ॲपवर भागतात. मोबाईलवर व्हिडिओ चालू आणि हात पेपर तपासण्यात, हे आपल्याला नवं नाही. उरते ती शाळेतच घ्यायची कार्यशाळा. तिला कोणाला बोलवावं, असं विचारणाऱ्या मुख्याध्यापकांसाठी हे लिहितोय.

साधनव्यक्ती, म्हणजे सरकारी प्रशिक्षण तालुक्यातल्या शाळांपर्यंत पोहोचवणारी मंडळी, आपल्यातलेच. पोषण आहाराच्या नोंदी, मतदार यादीचं (बीएलओचं) काम, दोन वर्ग एकत्र बसवणं, यातलं काही त्यांना समजावून सांगावं लागत नाही. फोन केला की येतात. निपुण भारतचं, म्हणजे पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेचं, साहित्य पहिली-दुसरीत कसं वापरायचं हे दाखवायला मी आजही त्यांनाच बोलवेन.

प्राध्यापकांची तारीख मिळवणंच मुळात जिकिरीचं. विद्यापीठाच्या परीक्षा, विद्यार्थ्यांचे पाठ, नॅकचं महाविद्यालय-मूल्यांकन, सगळं सांभाळून ते येणार. आले की पहिला तास पियाजे आणि वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या स्लाइड्समध्ये जातो. शाळेतला वर्ग स्वतः शेवटचा कधी घेतला, हे काहींना विचारू नये.

तरी माझं मत प्राध्यापकांकडे फिरलं ते साधनव्यक्तींच्या एका वाक्यामुळे: "वरून असंच आलंय."

आमच्या सहावीच्या गणिताच्या बाईंनी प्रशिक्षणात विचारलं, मुलं ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं म्हणतात, काय करू? साधनव्यक्तींनी मार्गदर्शिका चाळली. तो घटक त्या दिवशीच्या नियोजनात नव्हता. त्यांचा दोष नाही; राज्य, जिल्हा, तालुका असं उतरत आलेलं त्यांना तसंच पुढे द्यायचं असतं. पण बाईंचा प्रश्न तिथेच राहिला, आणि असे प्रश्न दर वेळी राहायला लागले की शिक्षक विचारणंच सोडतात. मला ते फार खुपलं.

पुढे हाच प्रश्न प्राध्यापकांसमोर आला. त्यांनी प्रोजेक्टर बंद केला आणि सहावीच्या वह्या मागवल्या. शिक्षकांना चुकांचे गट पाडायला लावले. ०.४२ आणि ०.३७ मधलं मोठं कोणतं, हे त्याच मुलांनी बरोबर ओळखलं होतं! म्हणजे मुलं ४२ आणि ३७ अशाच संख्या बघत होती, आणि आपण सरावाला दशांश चिन्हापुढे दोन्हीकडे तितकेच अंक असलेल्या संख्या देत आल्यामुळे चूक झाकली जात होती. मग शंभर चौकटींच्या आलेखकागदावर ०.४ रंगवून झालं: चाळीस चौकटी. बाईंनी दुसऱ्या दिवशी वर्गात तेच केलं.

हे काही सिद्धांताच्या बळावर झालं नाही. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात वीस आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव, आली. मागच्या बाकावर बसून दुसऱ्याचा पाठ बघणं हे या मंडळींचं रोजचं काम. आपल्याला हवी आहे ती ही नजर. सगळेच प्राध्यापक असे निघतील असं मी म्हणणार नाही. माझा अनुभव एका शाळेपुरता आहे.

म्हणून निमंत्रण देतानाच सांगावं, सकाळी दोन तासिका वर्गात बसा, बोलायचं ते दुपारी. तयार झाले तर तारखेसाठी महिनाभर थांबायलाही हरकत नाही. "माझं पीपीटी तयार आहे" असं उत्तर आलं, तर खुशाल साधनव्यक्तींना फोन लावा.