पाठीवरचा बॅटरी पंप : मोटार दमदार, बाकी सगळं कास्तकाराच्या भरवशावर

१६ लिटरची टाकी, १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी, डायफ्राम (रबरी पडद्यानं पाणी ढकलणारा) पंप, वेग कमी-जास्त करायची खुंटी आणि स्टीलची लान्स, म्हणजे फवारायची दांडी. यवतमाळ, वर्धा, वाशिम, कुठल्याही तालुक्याच्या कृषी केंद्रात टांगलेला हा पंप थोड्याफार फरकानं एकच असतो, फक्त स्टिकर बदलतं. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या जातीच्या पंपाचं आहे. ऐन बोंडअळीच्या दिवसांत पंप बसतो तेव्हा दोष 'माल हलका' एवढ्यावर सोडून दिला जातो. पण तो दोष आराखड्यात घुसला, जोडणीत घुसला की वापरात, हे शोधायची साधनं आहेत, आणि ती पंपाच्या जन्मापासून भंगारापर्यंत लावता येतात.

सुरुवात कामाच्या मोजमापानं. पाच एकर कपाशी, एकरी २०० लिटर, सहा फवारण्या : ६,००० लिटर, म्हणजे ३७५ टाक्या. हॉलो कोन, म्हणजे पोकळ शंकूसारखा फवारा देणाऱ्या नोझलमधून मिनिटाला ०.८ लिटर गेलं तर एका टाकीला २० मिनिटं. हंगामाचे झाले १२५ तास. यंत्र बनवताना पहिल्यांदा हा आकडा कागदावर हवा, आणि त्याच्या शेजारी ऊन, बोअरचं जड पाणी, पावडरची औषधं, चिखलात ठेवलेली टाकी हेही हवं. हे न मांडता निवडलेला प्रत्येक सुटा भाग अंदाजपंचे निवडलेला असतो.

बॅटरीचंच बघा. डब्यावर पंधरा-वीस टाक्यांचा दावा असतो. ८ अँपिअर-तास हे माप बॅटरी २० तासांत सावकाश, ०.४ अँपिअरनं रिकामी केल्यावरचं आहे. पंप अडीच अँपिअरच्या आसपास ओढतो. त्या वेगानं हाती सव्वासहा-साडेसहा अँपिअर-तासच येतात, म्हणजे अडीच तास. सात-आठ टाक्या झाल्या की दम संपला. नवव्या टाकीसाठी रेटली तर बॅटरी साडेदहा व्होल्टखाली जाते, आणि असं रोज झालं की तिचं आयुष्य भराभर घटतं. १२ अँपिअर-तासाची बॅटरी पाठीवर सव्वा किलोच्या आसपास जास्त भरते, पण तेवढ्याच टाक्यांना कमी रिकामी होते आणि जास्त हंगाम काढते. पाच एकरांच्या वर वावर असेल तर तीच घ्यावी.

आता पंप उलटा करून खालचे स्क्रू काढा. मोटार चांगली असते, तिच्याबद्दल तक्रार नाही. डोळे प्रेशर स्विचवर न्या, पंपाच्या तोंडाशी बसवलेली ती छोटी डबी. पंपाची ताकद मिनिटाला तीन लिटरच्या वर आणि नोझल सोडतं पाऊण-एक लिटर, त्यामुळे दाब चढतो, स्विच मोटार तोडतो, दाब उतरतो, स्विच पुन्हा जोडतो. फवारताना ऐकू येणारी कट-कट तीच. सेकंदाला एकदा धरली तरी १२५ तासांत साडेचार लाख वेळा. साध्या मायक्रोस्विचचं आयुष्य भारावर लाख-दोन लाख वेळांच्या हिशोबातलं असतं, आणि डीसी मोटार सुरू होताना चालत्या करंटच्या कितीतरी पट ओढते, त्यामुळे दर वेळी ठिणगी पडते. म्हणजे हा भाग पहिल्याच हंगामात जाणार, हे आराखड्याच्या टेबलावरच कळायला हवं होतं. उपाय दोन : जास्तीचं पाणी टाकीत परत सोडणारी बायपास नळी, नाहीतर भाराच्या दुप्पट क्षमतेचा स्विच. घेणाऱ्याच्या हातात तिसरा आहे. खुंटी कट-कट थांबेपर्यंत मागे फिरवा. फवारा बारीक राहतो की नाही ते बघा. राहत असेल तर तीच जागा पक्की, तिथं पेनानं खूण करून ठेवा.

तिथंच मोटारीच्या वायरींच्या क्लिपा दिसतील, बऱ्याचदा उघड्या. टाकीतून झिरपलेलं औषध त्यांच्यावर उतरतं, पितळ हिरवं पडतं, सांधा तापतो. 'मोटार जळाली' म्हणून आलेला पंप उघडताना आधी या क्लिपा तपासाव्यात. क्लिप घासून, दाबून, वर रबरी टोपी आणि थोडं ग्रीस : दहा मिनिटांचं काम.

दोष आधीच शोधायचं यातलं सगळ्यात उपयोगी साधन एफएमईए, म्हणजे बिघाडाचे प्रकार आणि परिणाम मांडायचा तक्ता. प्रत्येक भाग कसा बिघडेल, त्यानं काय होईल, किती वेळा होईल आणि आधी कळेल का, याला एक ते दहा गुण देऊन गुणाकार करायचा. वायरीचा सांधा : तीव्रता ५, वारंवारता ७, न कळण्याचे ४, गुणाकार १४०. झाकणाचं रबर : तीव्रता १०, वारंवारता २, न कळण्याचे ३, गुणाकार ६०. हिशोबानं झाकण मागे पडतं, आणि चूक नेमकी इथं होते. झाकणातून गळलेलं औषध थेट पाठीवर, कमरेवर उतरतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, हे या भागात कोणाला सांगायला नको. तीव्रता ९-१० असलेली ओळ गुणाकार न बघता आधी सोडवायची, हा एफएमईएचा नियमच आहे. या जातीच्या पंपांची आमची सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे : झाकणाचं रबर पातळ, आणि हवेचा व्हॉल्व्ह चिकटला तर वाकल्यावर गळतो किंवा टाकी आत ओढली जाऊन धार मंदावते.

रबराचं आणखी एक. ईसी, म्हणजे पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणाऱ्या पातळ औषधांत झायलीनसारखे द्रावक असतात. त्यात साधं रबर फुगतं, ईपीडीएम जातीचं रबर तर लवकरच. एफकेएमचे, म्हणजे व्हायटॉन जातीचे, व्हॉल्व्ह आणि वायसर टिकतात. दुकानात मागताना नाव घेऊन मागा.

कारखान्यातून निघताना पाच मिनिटं साध्या पाण्यावर चालवणं म्हणजे चाचणी नव्हे. १२५ तासांत दहापैकी नऊ पंप टिकतील, हे ९० टक्के खात्रीनं म्हणायचं असेल तर २२ पंप पूर्ण १२५ तास चालवून एकही बसता कामा नये. तेही औषध मिसळलेल्या पाण्यावर. खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णाकाठी, विकायचा असेल तर खारट पाण्यावर.

जोडणीतले दोष पहिल्या काही तासांतच बाहेर पडतात. म्हणून नवा पंप घरी आणला की पूर्ण चार्ज करून साध्या पाण्याच्या चार टाक्या सलग मारा. नंतर टाकी भरून, झाकण लावून, पंप ४५ अंशांत वाकवा आणि कोरडं फडकं झाकणाखाली धरा. फडकं ओलं झालं तर लगेच परत. हे पेरणीच्या आधी करा, कारण मे महिन्यात घेतलेल्या पंपाची वॉरंटी वावरात जाण्याआधीच सरत चाललेली असते.

सगळ्यात कच्चा दुवा दुरुस्तीच्या टेबलावर आहे. तालुक्याच्या मेकॅनिकला कुठला भाग किती चालून गेला याचा अंदाज असतो, पण तो कुठे लिहिला जात नाही आणि बनवणाऱ्यापर्यंत पोचत नाही. एक वही पुरेल : विकल्याची तारीख, साधारण किती टाक्या झाल्या, गेलेला भाग, लक्षण. न बिघडलेले पंपही मोजायचे, नाहीतर हिशोब वाकडा होतो. सहा-सात बिघाडांचे तास मिळाले तरी वायबुलच्या कागदावर, म्हणजे बिघाडाचे तास मांडायच्या खास आलेख-कागदावर, रेघ ओढता येते. तिचा चढ एकापेक्षा कमी आला तर जोडणीचा दोष, उपाय कारखान्यात. एकाच्या आसपास असेल तर बिघाड अवचित येतात, वय बघून भाग बदलण्यात अर्थ नाही. एकापेक्षा बराच जास्त आला तर झीज : डायफ्राम, नोझल यांचं असंच होतं, ते ठरलेल्या वेळी बदलायचे. नोझलला वहीची वाट बघायची गरज नाही. नव्याच्या मानानं धार १० टक्क्यांनी वाढली की बदला. मापाचं भांडं आणि एक मिनिट पुरतं.

हंगामानंतर टाकी तीन वेळा धुऊन पंप साध्या पाण्यावर चालवा. बॅटरी पूर्ण चार्ज करून वायर काढा आणि टिनाच्या खोलीत नाही, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. उन्हाळ्यात महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा चार्ज करा. दिवाळीनंतर अर्धवट रिकामी ठेवलेली बॅटरी जूनपर्यंत सल्फेटनं मरते, आणि दोष नव्या चार्जरवर जातो. चार्जर घेताना १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलाच घ्या. रात्री व्होल्टेज पडलं की जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर बॅटरी पूर्ण भरतच नाही.

घ्यावा का? घ्या, हातपंपापेक्षा पाठीचे कष्ट खरंच कमी होतात. पण सोबत एक प्रेशर स्विच, व्हायटॉनचा वायसर सेट आणि झाकणाचं रबर त्याच दिवशी घ्या, आणि हे भाग न ठेवणाऱ्या दुकानातून पंप घेऊ नका. मेलेली बॅटरी विहिरीकाठी फोडू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत गोळा करून घेणं बनवणाऱ्यावर बंधनकारक आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्या, आणि द्यायच्या आधी ती किती हंगाम चालली ते तिच्यावर खडूनं लिहा.