लाइट आली, पण सर्व्हर उठला नाही : घरच्या स्टोरेजचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

सेटअप थोडक्यात: ऑफिसातून निघालेला सेकंडहँड मिनी टॉवर, छोट्या एसएसडीवर ओपनमीडियाव्हॉल्ट (घरच्या स्टोरेज सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम), 4 टीबीच्या दोन डिस्क, फोटोंसाठी इमिच हे अॅप आणि बाहेरून पोचायला टेलस्केल (आपल्याच मशीनना जोडणारे खासगी नेटवर्क). इन्स्टॉल कसे करायचे ते कुठेही सापडते, म्हणून सोडून देतो. या सगळ्यात सर्वांत जास्त वैताग दिला तो विजेने, आणि नवशिक्यांना नेमके तेच कुणी सांगत नाही.

घरात इन्व्हर्टर आहे, मग वेगळा युपीएस कशाला, हा पहिला प्रश्न. बऱ्याच इन्व्हर्टरवर ‘युपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका असतो. नॉर्मलवर लाइट जाऊन बॅटरी लागेपर्यंतचा क्षण पंखा-दिव्यांना चालतो, पण कॉम्प्युटर तेवढ्यात रीस्टार्ट होतो. खटका युपीएसवर टाकला की हा वेळ कमी होतो आणि बहुतेक पॉवर सप्लाय तग धरतात. पण बॅटरी संपत आल्याचे साधा इन्व्हर्टर सर्व्हरला कळवू शकत नाही. रात्री बॅटरी बसली की डिस्कवर लिहिणे चालू असतानाच सगळे बंद, आणि मग फाइल सिस्टीम व डेटाबेस दोन्ही धोक्यात.

म्हणून बॅटरीची खबर सर्व्हरला देणारा, डेटा पोर्टवाला युपीएसच हवा. 600 व्हीए (युपीएसची क्षमता) पुरतो, पण त्या किमतीतल्या अनेक मॉडेलना मागे यूएसबी पोर्टच नसतो. दुकानात व्हीएच्या आधी मागची बाजू बघा. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये नट हे युपीएसशी बोलणारे प्लगइन टाका. ड्रायव्हर म्हणून आधी यूएसबीएचआयडी-यूपीएस लावून बघा, युपीएस ओळखला नाही तर नटडीआरव्ही-क्यूएक्स. स्वस्त युपीएसना बहुधा दुसराच लागतो.

शटडाउन ‘लो बॅटरी’वर ठेवू नका. स्वस्त युपीएस बॅटरीची टक्केवारी व्होल्टेजवरून अंदाजाने काढतो, आणि जुनी झालेली बॅटरी निम्मी भरलेली दिसत असतानाच बसते. ‘ऑन बॅटरी’ निवडा आणि टायमर 300 सेकंद ठेवा.

आता खरी मेख. लाइट गेली, पाचव्या मिनिटाला सर्व्हर शिस्तीत बंद झाला, आठव्या मिनिटाला लाइट आली. युपीएसची बॅटरी संपलीच नव्हती, त्यामुळे सर्व्हरच्या पॉवर सप्लायचा पुरवठा एकदाही तुटला नाही. बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज परतल्यावर चालू हो’ असे सेटिंग असले तरी त्याला निमित्तच मिळत नाही. सर्व्हर बंदच राहतो. घरी असाल तर बटण दाबाल. गावाला असाल तर परत येईपर्यंत रिमोट अॅक्सेस विसरा. पावसाळ्यात दहा-दहा मिनिटांसाठी लाइट जाते तेव्हा हे हमखास घडते.

नटमध्ये यावर उपाय आहे. शटडाउनच्या अगदी शेवटी ते युपीएसला आउटपुट तोडायला सांगते, आणि थोड्या वेळाने लाइट असेल तर युपीएस ते पुन्हा जोडतो. ऑफडिले (तोडण्याआधी थांबायची) आणि ऑनडिले (जोडण्याआधी थांबायची) या त्यातल्या दोन वेळा. ऑनडिले नेहमी मोठा हवा. क्यूएक्स ड्रायव्हरमध्ये मुळात 30 आणि 180 सेकंद असतात, तेच राहू द्या. मात्र काही युपीएस आउटपुट तोडतात आणि लाइट आधीच परतलेली असेल तर जोडायचे विसरतात. म्हणून चाचणी अशी करा: भिंतीतला प्लग काढा, शटडाउन सुरू होताच परत लावा, आणि सर्व्हर आपोआप उठतो का ते बघा. नाही उठला तर बायॉसमध्ये मशीन आपोआप चालू करणारा रोज पहाटे 6 चा अलार्म लावा. उपाय ओबडधोबड आहे, पण भरवशाचा आहे.

राउटर आणि फायबरचा डबा या युपीएसवर ठेवू नका, नाहीतर आउटपुट तुटले की घरातले इंटरनेटही जाईल. त्यांच्यासाठी 12 व्होल्टचा छोटा राउटर-युपीएस वेगळा घ्या.

रिमोट अॅक्सेससाठी राउटरवर पोर्ट (बाहेरून थेट आत यायची वाट) उघडू नका. एप्रिल 2021 मध्ये क्यूलॉकर रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या स्टोरेज मशीनमधल्या फाइली पासवर्ड लावून बंद केल्या. त्याच वर्षी जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह डिस्क दुरून पुसल्या गेल्या. शिवाय राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर 100.64 ते 100.127 ने सुरू होणारा आयपी दिसत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, आणि आयपीव्ही4 वर पोर्ट उघडूनही उपयोग नाही. टेलस्केल दोन्ही प्रश्न सोडवते. एक सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी बदला: सर्व्हरची टेलस्केलमधली की (ओळखीची किल्ली) मुळात 180 दिवसांनी संपते, म्हणजे सहा महिन्यांनी काही न बिघडता दार बंद. अॅडमिन पानावर त्या मशीनपुरती ‘की एक्स्पायरी’ बंद करा.

दोन डिस्क रेड 1 मध्ये (दोन्हींवर एकाच वेळी तोच डेटा) जोडाव्यात, हे माझे सुरुवातीचे मत आता बदलले आहे. रेडमध्ये एका डिस्कवर फोटो पुसला की दुसरीवरही त्याच क्षणी पुसला जातो. घरात डिस्क मरण्यापेक्षा चुकून पुसणे जास्त होते. आता एक डिस्क वापरात, दुसरीवर आरस्नॅपशॉट या बॅकअप प्रोग्रामने रोज रात्री प्रत: 7 दिवसांच्या आणि 4 आठवड्यांच्या. न बदललेल्या फाइली हार्डलिंकने (त्याच फाइलला दुसरे नाव देऊन) जोडल्या जात असल्याने जागाही फार जात नाही. डिस्क घेताना सीएमआर (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर न चढवणारी) असल्याची खात्री करा. 2020 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ नावाच्या मालिकेतल्या (वरच्या रेड 1 शी संबंध नाही) 2 ते 6 टीबीच्या काही डिस्क एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर चढवणाऱ्या, म्हणून सतत लिहिताना मंदावणाऱ्या) असल्याचे उघड झाले होते. ‘रेड प्लस’ मालिका सीएमआर आहे.

कॉपीचा वेग सेकंदाला 11-12 एमबीवर अडकला तर डिस्कला दोष देऊ नका. नेटवर्क केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या क्रिंप केल्यात (टोकाच्या कनेक्टरमध्ये दाबून बसवल्यात) का आणि राउटरचा पोर्ट गिगाबिट आहे का ते बघा. मग 110 पर्यंत जातो.

विजेचा हिशेब: सरासरी 30 वॉट धरले तर महिन्याला 21-22 युनिट. क्लाउडच्या भाड्याशी तुलना करताना हे आणि दोन-तीन वर्षांनी बदलावी लागणारी युपीएसची बॅटरी धरा. तिसरी प्रत पोर्टेबल डिस्कवर काढून नातेवाइकांकडे ठेवा, आणि दर वेळी ती परत आणली की नवीन प्रत घेण्याआधी त्यातला एक जुना फोल्डर दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा.