केसाळ कप की शेवंडीचा फोन?
सादरीकरणासाठी अतिवास्तववादातली (स्वप्नं आणि सुप्त मनातून कला घडवणाऱ्या चळवळीतली) एकच वस्तू घ्यायची, त्यावरून भाची अडून बसलीय. "मावशी, कोणती घेऊ?"

मेरेट ओपेनहाइम या कलाकार स्त्रीचा १९३६चा कप म्हणजे दुकानातून आणलेले कप, बशी आणि चमचा, तिन्हींवर फर चढवलेली. बघताच ओठांना ओले केस लागल्यासारखं होतं, अंगावर काटा येतो. समजावायची गरजच नाही.

चित्रकार साल्वादोर दालीच्या १९३८च्या फोनच्या रिसीव्हरवर प्लास्टरची शेवंड, शेपटीकडची बाजू नेमकी बोलायच्या टोकाला. आधी हसूच येतं. शेवंड त्याच्यासाठी कामवासनेचं प्रतीक होती, हे मात्र सांगावं लागतं. (वर्गात जीभ अडखळणारच!)

पाचच मिनिटं असतील तर कप. पंधरा मिळाली आणि प्रतीक सोलून दाखवायचं असेल, तर फोन.